पंचेचाळिसावं घर

६ जानेवारी

चोवीस वर्षं मुलांना सांगत आलो की रोज दोन ओळी लिहीत जा. स्वतः कधी लिहिल्या नाहीत. आज निमित्त मिळालं म्हणून ही वही काढली.

सकाळी तालुक्याहून सरकारी खात्याच्या मॅडम जीपनं आल्या. शाळेत सभा झाली. सरकार खेड्याखेड्यात जमिनीखालून इंटरनेटची केबल नेणार आहे, शहरात असतं तसं वेगवान. पण अट अशी, की गावातल्या शंभरातल्या सत्तर घरांनी आधी सही करून 'आम्हाला हवं' म्हणायचं. आमची घरं चौसष्ट. म्हणजे पंचेचाळीस सह्या, फेब्रुवारीअखेर. एक जरी कमी पडली तरी केबल दुसऱ्या गावाला जाणार आणि आमचा विचार पुन्हा पाच वर्षांनी.

मॅडम लहान आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या, पण बोलणं चोख. सह्या गोळा करायला गावातलाच विश्वासाचा माणूस पाहिजे म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी 'ग्राम समन्वयक' झालो. मानधन काही नाही, नुसता मान.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. मुलगी लांब शहरात, नातू सात महिन्यांचा. गावात फोन लागतो तो फक्त पाण्याच्या टाकीच्या वरच्या पायरीवर. तिथून नातू मला तुकड्यातुकड्यानं दिसतो. आधी एक कान, मग थिजलेलं तोंड, मग नुसतं गोल गोल फिरणारं चक्र. आमची ही तर आता टाकीवर येतच नाही, गुडघे दुखतात म्हणते.

११ जानेवारी

एकोणीस सह्या. आरंभशूर म्हणून लोक हसतील अशी भीती होती, पण नाही. तरण्या पोरांच्या घरी चहासुद्धा न घेता सही मिळते. म्हाताऱ्यांना समजवावं लागतं. एक आजी म्हणाल्या, तारेतून माझा मुलगा बोलणार की मुलगा घरी येणार, ते आधी सांग. मी म्हटलं, बोलणार. मग अर्धीच सही करते म्हणाल्या. केली पूर्ण.

१९ जानेवारी

अडतीस.

२ फेब्रुवारी

एक्केचाळीस. घोडं आता अडलंय. वीस घरांना कुलूप आहे, माणसं बाहेरगावी. बाकीचे 'बघू' म्हणणारे. आज टाकीखालच्या दोन खोल्यांत गेलो. तिथे शिवणकाम करणारी बाई राहते. बोलत नाही म्हणून गावानं तिला मौनी नाव ठेवलंय. दोन वर्षांपूर्वी एक शिलाई मशीन आणि एक मुलगी एवढंच घेऊन गावात आली. मुलगी माझ्याच वर्गात, चौथीत. हुशार आहे, अक्षर मोत्यासारखं, फक्त फार गप्प.

आली तेव्हा मुलीला शाळेत घ्या म्हणून माझ्याकडे आली होती, पण आधीच्या शाळेचा दाखला द्यायला तयार नव्हती. दाखल्याशिवाय मी घेणार कसं? बरंच समजावलं. हा कागद शाळेच्या कपाटाबाहेर जाणार नाही, असा शब्द दिला, तेव्हा कुठे पदराआडून काढून दिला. गावात ती वेगळंच आडनाव सांगते, माहेरचं असावं. नवरा नसावा. असल्या गोष्टी विचारणं मला बरं वाटत नाही.

आज मी योजनेचं सगळं सांगितलं. मशीन चालू ठेवूनच ऐकत होती. मग म्हणाली, "सही केली की नाव कुठे जातं, सर?"

मी उत्साहानं सांगितलं की थेट वरपर्यंत जातं, लपवाछपवी नाही, यादी वेबसाइटवर लागते, जगात कुठूनही कोणीही बघू शकतो.

तिचा पाय मशीनवर थांबला. "मग आम्हाला नको," म्हणाली.

कारण विचारलं तर मशीन पुन्हा चालू केलं. येताना वाटलं, अज्ञान हाच आपल्या लोकांचा खरा रोग आहे. वीज आली तेव्हाही माझ्या आजोबांना वाटलं होतं की रात्री तारेतून भूत येतं.

९ फेब्रुवारी

चव्वेचाळीस! कुलूपबंद घरांपैकी तीन घरांची माणसं एका लग्नासाठी आली होती, त्यांना गाठलं. आता फक्त एक.

संध्याकाळी दुकानासमोर सगळे जमले. उरलेल्यांत कोणाला वळवता येईल याचा हिशेब झाला. गिरणीवाला नाही म्हणतो, कारण केबलचा चर त्याच्या अंगणातून जाणार. पण गिरणीवाल्याला कोण बोलणार? गावात गिरणी एकच. दुसरं एक बहिऱ्या नवरा-बायकोचं घर, त्यांना काही समजावणं अशक्य. तिसरं मौनीचं. दुकानदार म्हणाला, कालची आलेली बाई गावाच्या वाटेत आडवी येते म्हणजे काय. सगळ्यांना ते पटलं. मलाही त्या वेळी पटलं.

घरी येऊन हिला सांगितलं. हिनं एवढंच विचारलं, "आणि गिरणीवाला वाटेत उभा नाही?"

१५ फेब्रुवारी

आठवडाभर मौनीकडे कोणी कापड टाकलेलं नाही. कोणी ठरवून सांगितलं असं नाही, पण एका घरानं थांबवलं की दुसरं थांबवतं. दुकानात तिला सगळ्यांच्या मागून मिळतं. काल तिच्या दोरीवरचे वाळत टाकलेले कपडे कोणीतरी चिखलात टाकले. पोरांनी केलं असेल. वर्गातही तिच्या मुलीच्या बाकावर आता कोणी बसत नाही. मी मुलांना तसं काही शिकवलेलं नाही. पण त्यांना उठवून परत बसवलंही नाही, हे खरं. वाटलं, चार दिवस सोसलं की आई आपोआप सही करेल आणि सगळं निवळेल.

ही माझ्याशी भांडून माझे सहा शर्ट कॉलरी बदलायला तिच्याकडे घेऊन गेली. कॉलरी चांगल्या होत्या. परत आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. मग म्हणाली, "अहो, तिला सोडा. ती घाबरलीय."

मी म्हटलं, नव्या गोष्टीला सगळेच घाबरतात.

"तारेला नाही हो घाबरत. माणसाला घाबरते."

कोणत्या माणसाला, तर म्हणे ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. शिवणावर पोट भरणाऱ्या बाईला सुईत दोरा ओवता येत नव्हता, एवढंच बघितलं. बायकांचं हे असं. पुरावा काही नाही आणि निकाल तयार.

२४ फेब्रुवारी

चार दिवस राहिले. मॅडमचा निरोप आला की नदीपलीकडच्या गावाच्या सह्या पूर्ण झाल्या आहेत.

आज चौथीला लिहायला दिलं : 'इंटरनेट आल्यावर मी पहिलं पत्र कोणाला पाठवीन.' कोणी मामाला, कोणी सैन्यातल्या भावाला. मौनीच्या मुलीनं कोरा कागद दिला. मी विचारलं, जगात तुझं कोणीच नाही का? ती उभी राहिली आणि खाली बघत राहिली. तास संपेपर्यंत उभं ठेवलं. रागावर ताबा ठेवायला हवा होता, पण या दिवसांत माझं डोकं ताळ्यावर नसतं.

२६ फेब्रुवारी

झालं. पंचेचाळीस.

कसं झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही.

नियमपुस्तिका पुन्हा वाचली. कुटुंबप्रमुखाला लिहिता येत नसेल, तर घरातल्या शाळकरी मुलानं शिक्षकासमोर केलेली सही चालते, असं स्पष्ट लिहिलंय. मौनीला लिहिता येतं की नाही हे मला कुठे माहीत आहे? तिला लिहिताना मी कधी बघितलेलं नाही. मापं लिहिते, पण ते आकडे.

मधल्या सुट्टीत मुलीला थांबवून घेतलं. तिला सांगितलं की हे तुझ्या आईच्या भल्यासाठी आहे, नवे कपडे कसे शिवतात ते तिला घरबसल्या बघता येईल. कपाटातून दाखला काढून समोर ठेवला आणि आईचं नाव त्यावर आहे तसं पूर्ण लिहायला सांगितलं.

ती म्हणाली, "हे नाव आम्ही लिहीत नाही, सर."

मी म्हटलं, सरकारी कागदावर सरकारी नावच लागतं.

"आईला विचारून येऊ?"

मी म्हटलं, आईला नंतर सांगू, तिला किती आनंद होईल बघ. तिनं पेन हातात धरलं, पण लिहीना. मग मी जरा आवाज चढवला. तिनं लिहिलं. सुंदर अक्षर. खाली स्वतःचं नाव घातलं आणि विचारलं, "मी चुकीचं केलं का?" मी डोक्यावरून हात फिरवला, म्हटलं की आज तू गावाला वाचवलंस. खडूच्या डब्यातली नवी पेन्सिल दिली. ती बाकावरच विसरून गेली.

२८ फेब्रुवारी

स्वतः तालुक्याला जाऊन अर्ज दिला. मॅडमनी पानं मोजली, शिक्का मारला, हात मिळवला. परत येताना गाडीत सगळ्यांना पेढे नाहीत तरी गोळ्या वाटल्या. हिला अजून काही सांगितलेलं नाही. हिला वाटतंय बहिऱ्यांनी सही केली.

२१ मार्च

मंजुरी आली. यादी वेबसाइटवर लागली आहे, पंधरा दिवसांत कोणाची हरकत असेल तर नोंदवायची. हरकत नोंदवायची तीही वेबसाइटवरच. दुकानदार म्हणाला, म्हणजे इंटरनेट नको हे सांगायलाही आधी इंटरनेट पाहिजे. खूप हसलो.

टाकीवर चढून यादी उघडली. चार मिनिटं लागली. घर क्रमांक, पूर्ण नाव, गाव, टाकीपासूनचं अंतर, अगदी नकाशावर ठिपकासुद्धा. पंचेचाळिसावा ठिपका मी उभा होतो त्याच्या बरोबर खाली होता. शासनाला इतकं नेटकं काम करताना मी प्रथमच बघितलं.

८ एप्रिल

चर खणणं सुरू झालं. आज माणसांनी दारोदार आकडे रंगवले. मौनी शाळेत आली. बोटांना ओला पांढरा रंग लागला होता, पुसायचा प्रयत्न केला असावा.

"माझ्या दारावर पंचेचाळीस कशाला लिहिलंय?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं, हसतच सांगितलं. कधीतरी सांगायचंच होतं. ती रागावेल, मग समजेल, असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं की नाव कोणतं लिहिलं. मी म्हटलं, दाखल्यावर आहे ते. ती पायरीवर बसली.  यादी लागून किती दिवस झाले, विचारलं. अठरा, म्हटलं. नाव काढा म्हणाली. पण हरकतीची मुदत तीन दिवसांपूर्वीच संपलेली. मी काय करणार?

मग म्हणाली, मुलीचा दाखला आत्ता द्या, आम्ही उद्याच्या गाडीनं जातो. मी म्हटलं, वार्षिक परीक्षा चौदा ते अठरा आहे, एवढ्यासाठी मुलीचं वर्ष कशाला बुडवता? परीक्षा संपली की त्याच दिवशी दाखला हातात देतो. दाखल्याशिवाय पुढची शाळा घेणार नाही, हे तिला माहीत होतं. उठली आणि गेली. मुलीला काही बोलली नाही, हे मी खिडकीतून बघितलं. नुसतं जवळ घेतलं.

वहीशी खोटं बोलण्यात अर्थ नाही. घरांची प्रत्यक्ष मोजणी वीस तारखेला आहे. ती त्याआधी गेली असती तर आम्ही चव्वेचाळीस झालो असतो.

९ एप्रिल

हिला कळलं. मौनीनंच सांगितलं असेल. माझ्याशी बोलत नाही. ताट वाढून ठेवते आणि बाहेर जाऊन बसते.

१५ एप्रिल

मौनी हल्ली मुलीला स्वतः सोडते आणि स्वतः घ्यायला येते. परीक्षा शांततेत सुरू आहे. मुलीचा गणिताचा पेपर मी लगेच तपासला, एक चूक नाही. अशा मुलीला शाळेतून काढून नेणं म्हणजे नुसता आडमुठेपणा.

१७ एप्रिल

आज दुपारी साडेबाराच्या गाडीनं एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, पायात चकचकीत बूट, बोलणं अतिशय मऊ. हातात आमच्या यादीचं छापलेलं पान. एका ओळीखाली पट्टीनं रेघ मारलेली. म्हणाले, "सर, आमची माणसं दोन वर्षं हरवली होती. तुमच्या यादीनं शोधून दिली. तुमचे उपकार कसे फेडू?"

मुलीचे वडील. दाखल्यावर नाव होतंच, त्यांनी ओळखपत्रही न मागता दाखवलं. घरात थोडी कुरबूर झाली, बायको डोक्यात राख घालून निघून गेली, म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. मला भरून आलं. केबल अजून जमिनीत नीट बसलीही नाही आणि तिनं एक घर जोडलं, असा विचार मनात आला. खोटं कशाला लिहू, खरंच आला.

हिचं बोलणंही आठवलं. पण असा माणूस समोर उभा असताना ते किती बायकी वाटलं.

वर्गात भाषेचा पेपर चालू होता. मुलीला हाक मारली. तिनं दारात बघितलं. किंचाळली नाही, पळाली नाही, काही विचारलं नाही. पेपर पालथा घातला, पेन्सिल डबीत ठेवली, डबीचं झाकण दाबून बंद केलं आणि चालत आली. किती शहाणी मुलगी, असं वाटलं. वडील म्हणाले, मोठी झाली, आणि तिच्या मानेवर हात ठेवला. मी म्हटलं, राहिलेल्या पेपरचं बघून घेऊ, आज वडील आलेत. रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, बारा पन्नास, त्यांची सही घेतली. मौनीचं घर बोटानं दाखवलं.

खिडकीतून दिसलं की ते घराकडे न जाता थांब्याकडे गेले. सामान ठेवलं असेल तिथे, असं वाटलं. एक वाजता गाडी परत फिरते. ती गेली.

मौनी दीडला आली.

तिला मी सगळं सांगितलं, तेव्हा ती रडेल, ओरडेल, मला मारेल, असं वाटलं. मुलगी ज्या बाकावर बसायची तिथे गेली. पालथा पेपर उचलून वाचला. अर्धा झाला होता.

मी म्हटलं, ते घरीच आले असते तुम्हाला घ्यायला, काहीतरी गडबड झाली असेल.

"तो मला न्यायला आलाच नव्हता," ती म्हणाली. "मी आपण होऊन यावं, म्हणून तिला नेलं."

मग तिनं ब्लाउजची लांब बाही दंडापर्यंत वर केली. मी दुसरीकडे बघितलं. एकदाच बघितलं होतं, पुरे झालं. कोपर सरळ होत नव्हतं, आणि इस्त्री ठेवल्याची खूण कशी असते ते मला आज कळलं.

हिनं मला टाकीवर पिटाळलं. पोलिसांना फोन लावला. पाचव्यांदा लागला. त्यांनी शांतपणे विचारलं, बापानं स्वतःच्या मुलीला नेलं यात गुन्हा कोणता? आणि मुलीला सोडलं कोणी? मी म्हटलं, मी. मग झालं तर, ते म्हणाले. मॅडमना लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सर, अर्जावर सही तुमच्यासमोर झाली होती ना? आईची संमती होती ना?" तेवढ्यात आवाज तुटला. पुन्हा लावला नाही.

१८ एप्रिल

सकाळच्या गाडीनं मौनी गेली. ही तिच्याबरोबर थांब्यापर्यंत गेली. जाऊ नकोस, काहीतरी मार्ग काढू, असं खूप सांगितलं म्हणे. मौनी म्हणाली, एक रात्र झाली, दुसरी होऊ देणार नाही. हातात एक पिशवी, बाकी काही नाही. दुकानाच्या ओट्यावर दहा-बारा माणसं होती.  दुकानदार आत जाऊन वजनं लावत बसला.

दाखला मी तयार ठेवला होता. तिनं मागितला नाही.

२० एप्रिल

मोजणीला एक कारकून आला होता. टाकीखालच्या घराला कुलूप बघून थबकला. घर राहतं आहे का, विचारलं. सगळं गाव मागे उभं होतं. गिरणीवालासुद्धा, कारण आता त्यालाही जोडणी हवी आहे. चर शेवटी त्याच्या अंगणाला वळसा घालून गेला. पण त्याची सही मुदतीनंतरची, ती धरत नाहीत.

मी म्हटलं, राहतं आहे. गावाला गेलेत, येतील. कारकुनानं कागद पुढे केला : वास्तव्यास असलेल्या व्यक्ती. मी लिहिलं, दोन.

येतीलही. कोणी सांगावं?

११ जून

केबल सुरू झाली. मंत्री आले, भाषण झालं. पुढच्या वर्षी आणखी पन्नास गावं जोडणार म्हणाले. मला व्यासपीठावर बोलावून प्रशस्तिपत्र दिलं. मौनी जाताना चावी हिच्याकडे देऊन गेली होती, म्हणून तिच्या कुलूपबंद घरातही पेटी बसवली, खिडकीच्या काचेतून तिचा हिरवा दिवा दिसतो. मशीन ही आमच्या घरी घेऊन आली आहे. गंजू नये म्हणून आठवड्याला तेल घालते.

संध्याकाळी आमच्या मुलीला फोन केला. नातू अख्खा दिसला. दोन दात, हनुवटीवर लाळ, सगळं. इतका स्पष्ट की हात लावावा. मुलगी म्हणाली, आई कुठे आहे, आईला बोलवा. मी हाक मारली. ही आतल्या खोलीत होती, आली नाही. तिचं डोकं दुखतंय म्हणून मी सांगितलं. मुलगी म्हणाली, बाबा, तुमचं तोंड किती उतरलंय, आता नीट दिसतंय.

८ जुलै

शाळेला आज पहिली ई-मेल आली. मुलांना गोळा करून उघडली. लांबच्या शहरातल्या एका शाळेची होती. मौनीच्या मुलीला पाचवीत घेतलंय, दाखला पाठवा. सोबत फॉर्म. वडिलांचं नाव, व्यवसाय, पत्ता. आईच्या नावापुढे कंसात 'मयत'.

मुलांना बाहेर खेळायला पाठवलं.

कारकुनाची चूक असेल. कारकून लोक रकाने बघतात कुठे? घरी येऊन हिला सांगितलं तेव्हाही मी हेच म्हटलं. ही म्हणाली, फोन करून विचारा. मी म्हटलं, करतो.

१४ जुलै

सहा दिवस झाले तरी फोन केला नाही. आता टाकीवर जावं लागत नाही, फोन उशाशी लागतो.

आज हिनंच केला. त्या शाळेतल्या बाईंशी दहा मिनिटं बोलली. मी ओसरीवर बसून ऐकत होतो, हिचं नुसतं 'हो', 'बरं', 'कधी' एवढंच ऐकू येत होतं. फोन ठेवून आली आणि उभ्याउभ्या सांगितलं. मेमध्ये वारली. जिन्यावरून पडली म्हणतात. मुलगी वर्गात एक अक्षर बोलत नाही, पण लिहिते छान. त्या बाईंना वाटलं आपण नातेवाईक, म्हणून त्यांनी विचारलं, मुलगी कुठलाही कागद समोर ठेवला की आधी विचारते हा कुठे जाणार, असं का?

मी दाखला भरायला बसलो. पाठवायला तर हवाच, मुलीचं नुकसान नको. हजेरी, वर्तणूक, प्रगती, सगळं भरलं. वर्तणूक उत्तम. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी हात थांबला. चोवीस वर्षांत शेकडो दाखले लिहिले, इथे कधी थांबलो नव्हतो. दोनदा लिहून खोडलं, नवा कोरा दाखला घेतला. शेवटी जे नेहमी लिहितो तेच लिहिलं : पालकांच्या इच्छेनुसार.

स्कॅन करून पाठवला. दोन सेकंदांत गेला, पोचल्याची खूणही आली.

हिनं विचारलं, कारण काय लिहिलंत? मी सांगितलं. ही आत जाऊन मौनीच्या मशीनवर बसली. हिला शिवता येत नाही. दोरा नसलेली सुई रिकामीच वरखाली होते आहे, आणि मी इथे बसून तो आवाज थांबण्याची वाट बघतो आहे.